रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्र : अडचणी, कारणे व उपाय

महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सत्तरी, सांगे किंवा काणकोण यांसारख्या डोंगराळ तालुक्यातील एखाद्या रास्त भाव दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले, तर एक दृश्य पाहावयास मिळण्याचा संभव असतो. वर्षानुवर्षे काजू फोडून हातांची कातडी झडलेली एखादी वृद्धा काचेच्या लहानशा चौकोनावर अंगठा टेकविते. यंत्र क्षणभर थांबते, बारीक आवाज करते आणि पडद्यावर नकाराची अक्षरे उमटतात. ती दुसरे बोट लावते, मग तिसरे. मागे रांग वाढत असते. शेवटी दुकानदार म्हणतो, "आजी, अंगठा लागत नाही. उद्या या." आजी रिकामी पिशवी घडी करून परत फिरते.

'अंगठा लागत नाही' या तीन शब्दांत किती निरनिराळे दोष दडलेले असतात याची कल्पना पुष्कळांना नसते. कधी ठसा खरोखरच उमटत नाही. कधी ठसा उत्तम असतो, पण दुकानात रेंज नसते. कधी रेंज असते, पण दूरच्या सर्व्हरवर गर्दी झालेली असते. कधी यंत्राचे घड्याळ चुकलेले असते, तर कधी शिधापत्रिकेच्या नोंदीत पतीचा आधार क्रमांक पत्नीच्या नावापुढे चढलेला असतो. दोष यांपैकी कोणताही असो, बोल मात्र त्या अंगठ्याला लागतो आणि हेलपाटा त्या माणसाला पडतो. यास्तव हे यंत्र कसे चालते, ते कोठे अडते, अडल्यास प्रत्येकाने काय करावे आणि ते मुळीच न चालल्यास नागरिकाचा हक्क काय, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे.

यंत्राचा हेतू

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये संमत झाला. ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्के आणि नागरी लोकसंख्येपैकी ५० टक्क्यांपर्यंत लोकांना या कायद्याने धान्याचा हक्क दिला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य, असे त्याचे प्रमाण आहे. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य देण्यात येऊ लागले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे ते तसेच देण्याचा निर्णय केंद्र शासनाने घेतला.

पूर्वी धान्यवाटपाची नोंद दुकानदाराच्या वहीत होत असे. कार्डधारक दुकानात आलाच नाही तरी त्याच्या नावे धान्य उचलल्याची नोंद होणे, हा त्या पद्धतीतील मोठा दोष होता. तो दूर करण्यासाठी ई-पॉस यंत्र आले. धान्य कोणास, किती व केव्हा दिले याची नोंद हे यंत्र त्याच क्षणी मध्यवर्ती सर्व्हरवर पाठविते. याच यंत्रामुळे 'एक देश, एक शिधापत्रिका' ही योजना शक्य झाली. २०१९ मध्ये काही राज्यांत सुरू झालेली ही सोय जून २०२२ पर्यंत देशातील सर्व राज्यांत पोहोचली. बेळगाव वा कारवारकडून गोव्यात कामासाठी आलेल्या मजुराला, त्याची शिधापत्रिका अन्नसुरक्षा कायद्याखालील असल्यास, आपले धान्य आता येथेही घेता येते. सारांश, यंत्र उपयुक्त आहे यात संशय नाही. मात्र उपयुक्त वस्तू बिघडते तेव्हा तिच्यावर विसंबलेल्यांची अडचणही तेवढीच मोठी होते.

बोटापासून पावतीपर्यंत

ई-पॉस यंत्र स्वतः काहीच ठरवीत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. ते टपालवाल्यासारखे आहे. इकडून प्रश्न नेतो, तिकडून उत्तर आणतो, एवढेच त्याचे काम.

दुकानदार प्रथम स्वतःचे बोट लावून यंत्र उघडतो. नंतर तो शिधापत्रिकेचा क्रमांक घालतो आणि राज्याच्या सर्व्हरवरून त्या कुटुंबातील व्यक्तींची यादी पडद्यावर येते. दुकानात आलेल्या व्यक्तीचे नाव निवडल्यावर ती व्यक्ती काचेवर बोट ठेवते. यंत्र त्या ठशाचे चित्र घेते, ते सांकेतिक लिपीत बंद करते आणि मोबाईलच्या जाळ्यातून पुढे धाडते. हा बंद लखोटा आधार प्राधिकरणाच्या मध्यवर्ती नोंदींपर्यंत जातो. मानेसर व बंगळूर येथील केंद्रांत त्या नोंदी ठेवलेल्या आहेत. तेथे नव्या ठशाची जुन्या ठशाशी तुलना होते आणि 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर परत येते. उत्तर 'होय' असल्यास धान्याचे प्रमाण पडद्यावर दिसते, वजन होते, नोंद सर्व्हरवर जाते आणि पावती छापून बाहेर पडते.

म्हणजे वीज, मोबाईलचे जाळे, राज्याचा सर्व्हर, बोटाचा ठसा, आधारची नोंद आणि शिधापत्रिकेची नोंद असे सहा दुवे या साखळीत आहेत. बाहेरच्या राज्यातील कार्ड असेल, तर त्या राज्याच्या सर्व्हरशी संपर्क हा आणखी एक दुवा वाढतो. सहापैकी एक जरी तुटला तरी धान्य थांबते. माणसाचा अंगठा हा त्या सहांपैकी केवळ एक आहे, हे विसरता कामा नये.

पहिला प्रश्न : अडले किती जणांचे?

दोष शोधण्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. एकच साधा प्रश्न विचारावा, तो म्हणजे 'अडले किती जणांचे?'

यंत्र सुरूच होत नसेल, किंवा दुकानदाराला स्वतःलाच यंत्र उघडता येत नसेल, तर दोष बहुधा वीज, घड्याळ अथवा रेंज यांत आहे. यंत्र उघडले, पण रांगेतील कोणाचाच व्यवहार पुरा होत नसेल, तर दोष जाळ्याचा किंवा सर्व्हरचा समजावा. इतरांना धान्य मिळत आहे, पण एकाच कुटुंबातील कोणाचेच नाव दिसत नसेल, तर दोष शिधापत्रिकेच्या नोंदीत आहे. कुटुंबातील एकाचे बोट नाकारले जाते आणि दुसऱ्याचे स्वीकारले जाते, असे असेल तरच दोष त्या व्यक्तीच्या ठशात अथवा आधार नोंदीत शोधावा.

हा क्रम पाळला तर पुष्कळ वेळ वाचतो. सर्व्हर बंद असताना वृद्धांना दहाही बोटे पुन्हा पुन्हा लावावयास सांगणे, हा निव्वळ त्रास आहे.

वीज आणि घड्याळ

पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाण्याचे प्रसंग वारंवार येतात. त्यामुळे वाटपाच्या आदल्या रात्री यंत्राची बॅटरी पूर्ण भरून ठेवणे, ही दुकानदाराची पहिली जबाबदारी होय. चार्जर यंत्राबरोबर आलेलाच वापरावा. दुसऱ्याच कोणत्या तरी मोबाईलचा चार्जर लावल्यास बॅटरी अपुरी भरते, प्रसंगी बिघडते. बॅटरी फुगलेली दिसल्यास ती तशीच वापरीत राहू नये. ती बदलून घ्यावी, कारण ती पेट घेण्याचा धोका असतो.

बॅटरी पूर्ण संपल्यावर काही यंत्रांतील घड्याळ मागे पडते. वरवर ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु ठशाच्या बंद लखोट्यावर तारीख व वेळ यांची मोहोर असते. ती वेळ जुळली नाही, तर आधारचा सर्व्हर लखोटा न उघडताच परत पाठवितो. वेळ फार मागची असल्यास ५६१ आणि पुढची असल्यास ५६२, असे सांकेतिक क्रमांक त्यासाठी ठरलेले आहेत. येथे सर्वांचेच बोट नाकारले जाते आणि दोष मात्र कोणाच्याही बोटाचा नसतो. म्हणून यंत्र चालू केल्यावर पडद्यावरील तारीख व वेळ एकदा पाहण्याची सवय ठेवावी.

यंत्र मध्येच गोठले, तर ते पूर्ण बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि पुन्हा सुरू करावे. हा उपाय साधा असला तरी अनेकदा पुरेसा ठरतो.

रेंज आणि सर्व्हर

सह्याद्रीच्या पायथ्याची गावे दऱ्याखोऱ्यांत वसलेली आहेत. मोबाईलच्या लहरी सरळ रेषेत जाऊ पाहतात. मध्ये डोंगर आला की त्या अडतात, आणि घनदाट झाडी व जाड भिंती यांतून जाताना क्षीण होतात. जांभ्या दगडाच्या भिंतींच्या आतल्या खोलीत यंत्र ठेवले असेल, तर दारापाशी किंवा खिडकीशी उंच जागी ठेवताच फरक दिसून येतो. बऱ्याच यंत्रांत दोन सिमकार्डांची सोय असते. गावात ज्या कंपनीची रेंज चांगली, तिचे सिमकार्ड वापरात आहे की नाही हे पाहावे. सिमकार्डाची मुदत संपली नाही ना, याचीही खात्री करावी. रेंजच्या रेघा पूर्ण दिसत असूनही इंटरनेट चालत नाही, असे पुष्कळदा मुदत संपल्यामुळेच घडते. गावात सगळीकडेच रेंज क्षीण असेल, तर रेंज मिळणारी वाटपाची जागा ग्रामपंचायतीशी विचारविनिमय करून ठरविता येते का, हे मामलेदार कार्यालयातील नागरी पुरवठा निरीक्षकांस विचारावे.

सर्व्हरवरील गर्दी ही निराळी बाब आहे. महिन्याचे पहिले व शेवटचे दिवस आणि सकाळची वेळ या सुमारास असंख्य यंत्रे एकाच वेळी प्रश्न विचारू लागतात. अशा वेळी दुकानदाराने तेच बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. प्रत्येक दाबण्याने नवी विनंती जाते आणि गर्दीत भरच पडते. पाच-दहा मिनिटे थांबून प्रयत्न करावा. वाड्यावाड्यांना वेगवेगळे दिवस नेमून दिल्यास रांगही आखूड होते आणि सर्व्हरवरील ताणही कमी होतो.

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. बोट स्वीकारले गेले, पण पावती छापण्यापूर्वी संपर्क तुटला, असे कधी कधी घडते. अशा वेळी सर्व्हरवर धान्य उचलल्याची नोंद झालेली असू शकते. म्हणून नवा व्यवहार सुरू करण्यापूर्वी मागच्या व्यवहाराचे काय झाले ते पाहावे. झालेल्या व्यवहाराची पावती पुन्हा छापण्याची सोय यंत्रात असते. नागरिकानेही दुसऱ्यांदा बोट मागितले गेल्यास पहिल्याचे काय झाले, हे नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे. बोट लावले, नोंद झाली आणि धान्य 'नंतर न्या' असे सांगण्यात आले, हा प्रकार मान्य करू नये. नोंद, धान्य आणि पावती ही तिन्ही एकाच वेळी झाली पाहिजेत.

बोटाचा ठसा

बोटाच्या टोकावर बारीक उंचवटे व त्यांमधील चऱ्या असतात. बोट काचेवर टेकले की उंचवटे काचेला चिकटतात आणि चऱ्या किंचित दूर राहतात. आतून टाकलेला प्रकाश या दोहोंवरून निरनिराळ्या रीतीने परत फिरतो आणि त्यातून ठशाचे चित्र तयार होते. कातडी फार कोरडी असेल तर उंचवटे नीट चिकटत नाहीत आणि चित्र तुटक येते. हात ओले असतील तर पाणी चऱ्यांत भरते आणि चित्राचा काळा डाग होतो. काचेवर थेट ऊन पडत असेल तर आतल्या प्रकाशाचा मेळ बिघडतो. ही तीन कारणे एकदा समजली की उपाय आपोआप सुचतात.

हात साबणाने धुऊन स्वच्छ पुसावेत. पावसात भिजून आलेल्या माणसाला प्रथम बोटे कोरडी करू द्यावीत. बोटे रखरखीत असतील तर त्यांवर तोंडाची वाफ सोडावी किंवा बोट कपाळावरून हलकेच फिरवावे. कपाळावरील नैसर्गिक स्निग्धता तेवढ्यापुरती पुरते. केवळ टोक न टेकविता बोटाचे पहिले पेर सपाट ठेवावे आणि दाब मध्यम असावा. फार जोराने दाबल्यास उंचवटे चेपून एकमेकांत मिसळतात. यंत्राची काच मऊ, कोरड्या कापडाने दर थोड्या वेळाने पुसावी. आधीच्या माणसाच्या हाताचा घाम व तेल तिच्यावर राहिलेले असते. यंत्र उन्हात ठेवू नये.

अंगठ्यावरच अडून बसण्याचेही कारण नाही. आधार नोंदणीच्या वेळी दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. कष्टाच्या कामात अंगठा व तर्जनी अधिक झिजतात. त्या मानाने मधले बोट व अनामिका पुष्कळदा शाबूत राहतात. कोणते बोट उत्तम चालते ते एकदा कळले, की ते शिधापत्रिकेच्या वेष्टनावर लिहून ठेवावे. पुढच्या महिन्याचा खोळंबा टळतो.

ज्यांच्या ठशांना विशेष झीज होते असे व्यवसाय आपल्या भागात थोडे नाहीत. काजूच्या टरफलात दाहक तेल असते. ते कातडी जाळते व सोलून काढते. चिऱ्यांच्या खाणीतील कामगार, सिमेंट कालविणारे गवंडी, काथ्या वळणाऱ्या स्त्रिया आणि दिवसभर भांडी घासणाऱ्या मोलकरणी यांचे ठसेही असेच पुसट होतात. वरवरची झीज कायमची नसते. नवी कातडी येते तसे उंचवटे पुन्हा उमटतात. वाटपापूर्वीचे चार-सहा दिवस रात्री खोबरेल तेल चोळल्यास आणि शक्य तेथे हातमोजे वापरल्यास लाभ होतो. उतारवयात मात्र कातडीच पातळ व कोरडी होत जाते. तेथे तेल चोळून भागत नाही, पर्यायी मार्गच धरावा लागतो.

आधारची व शिधापत्रिकेची नोंद

ठसा स्पष्ट उमटूनही नकार येत असेल, तर पडद्यावरील सांकेतिक क्रमांक वाचावा. ३०० हा क्रमांक आल्यास ठसा नोंदीशी जुळला नाही असा अर्थ होतो. ३३० आल्यास त्या व्यक्तीचे ठसे आधारच्या नोंदीत कुलूपबंद आहेत असे समजावे. मोबाईलवर काही करताना हे कुलूप अनवधानाने लागलेले असू शकते आणि ते त्याच मार्गाने काढता येते. ९९७ वा ९९८ हे क्रमांक आल्यास आधार क्रमांक सक्रिय नाही किंवा नोंदीत सापडत नाही. या प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे. म्हणून 'लागत नाही' एवढे ऐकून परत न जाता, कोणता क्रमांक आला तो कागदावर लिहून घ्यावा. तो कागद आधार केंद्रात दाखविल्यास अर्धे काम होते. आधार प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १९४७ हा आहे.

ठसे पूर्वीचे असून आता पालटले असतील, तर आधार केंद्रात नवे ठसे द्यावेत. मुलांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. पाच वर्षांखालील मुलांच्या आधार नोंदणीत ठसे घेतलेच जात नाहीत, म्हणून त्यांचे बोट यंत्रावर लावणे व्यर्थ आहे. वयाची पाच वर्षे पूर्ण झाल्यावर एकदा आणि पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा ठसे नोंदविणे आवश्यक असते.

शिधापत्रिकेच्या नोंदीतील चुका बहुधा संगणकात माहिती भरताना झालेल्या असतात. एकाचा क्रमांक दुसऱ्याच्या नावापुढे लागतो. सुनेचे नाव चढायचे राहून जाते. एखाद्याचे ई-केवायसी झालेले नसते. यांपैकी काहीही यंत्रावर दुरुस्त होत नाही. त्यासाठी शिधापत्रिका व आधार घेऊन मामलेदार कार्यालयातील नागरी पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

यंत्र अडले तरी हक्क अडत नाही

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. यंत्र हे ओळख पटविण्याचे साधन आहे. हक्क यंत्राने दिलेला नाही, तो कायद्याने दिलेला आहे. साधन निकामी झाले म्हणून हक्क नाहीसा होत नाही.

शिधापत्रिकेवर नाव असलेल्या कुटुंबातील कोणत्याही एका व्यक्तीची ओळख पटली, तरी साऱ्या कुटुंबाचे धान्य मिळते. आजीचे बोट लागत नसेल तर नातवाचे किंवा सुनेचे लावावे. नोंदविलेल्या मोबाईलवर येणारा एकवेळचा सांकेतिक अंक, म्हणजे ओटीपी, हा दुसरा मार्ग आहे. यासाठी आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक चालू असला पाहिजे. काही ठिकाणी डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटविण्याची सोय आहे. यांपैकी काहीच साधले नाही, तरीही दार बंद होत नाही. केंद्र शासनाच्या ८ फेब्रुवारी २०१७ च्या अधिसूचनेत ज्यांस आधार मिळालेला नाही त्यांच्यासाठी अन्य ओळखपत्रांची तरतूद आहे. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्र शासनाने सर्व राज्यांस स्पष्ट कळविले की, आधार नाही, संपर्क मिळत नाही अथवा ठसा जुळत नाही, एवढ्याच कारणावरून कोणाही पात्र व्यक्तीस धान्य नाकारू नये, आणि अशा वाटपाची स्वतंत्र नोंद ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायद्याची वैधता मान्य करतानाही, ओळख पटविण्यातील अपयशामुळे गरजू वंचित राहू नये या प्रश्नाची दखल घेतली.

या बाबतीत दुकानदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. यंत्रातील नोंदीशिवाय त्याने धान्य दिले, तर त्याच्या साठ्यात तेवढी तूट दिसते आणि पुढे जाब त्यालाच द्यावा लागतो. 'उद्या या' या शब्दांमागे पुष्कळदा ही धास्ती असते. तिच्यावर उपाय एकच, तो म्हणजे नोंद. बोट नाकारले गेल्याची तारीख, शिधापत्रिकेचा क्रमांक, व्यक्तीचे नाव, पडद्यावरील सांकेतिक क्रमांक आणि दिलेल्या धान्याचे प्रमाण अपवाद नोंदवहीत लिहावे. नागरिकाची सही घ्यावी व निरीक्षकांस त्याच दिवशी कळवावे. निरीक्षकांनीही अशा नोंदी विनाविलंब तपासून मान्य कराव्यात. ज्या दुकानात अपवादांच्या नोंदी अधिक, तेथे गैरव्यवहारच असेल असे मानून चालू नये. तेथे रेंज क्षीण आहे का, अथवा गावात काजू फोडणाऱ्यांची वस्ती आहे का, हेही पाहावे.

लेखी नोंदीचे महत्त्व अलीकडे आणखी वाढले आहे. २०२५ मध्ये केंद्र शासनाने वितरण व्यवस्थेच्या आदेशात केलेल्या सुधारणेनुसार, सलग सहा महिने धान्य न उचललेली शिधापत्रिका तात्पुरती निष्क्रिय करून तिच्या पात्रतेची पुन्हा चौकशी होते. ज्याने धान्य घेतलेच नाही आणि ज्याला यंत्राने घेऊ दिले नाही, या दोघांची यंत्रातील नोंद सारखीच कोरी दिसते. त्यांच्यातील भेद केवळ कागदावरील नोंद दाखवू शकते. सहा महिने मुकाट्याने परत फिरलेल्या आजीचे नाव अशा यादीत जाऊ नये, ही काळजी दुकानदार, निरीक्षक आणि गावकरी या सर्वांनीच वाहावयाची आहे.

धान्य नाकारले गेल्यास प्रथम १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अन्य राज्यातील कार्डधारकांसाठी १४४४५ हा क्रमांक आहे. कायद्याने प्रत्येक जिल्ह्यासाठी तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यासाठी अन्न आयोग यांची तरतूद केलेली आहे. हक्काचे धान्य न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता देण्याची तरतूदही याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे.

पावती जपून ठेवा

पावतीवर त्या महिन्याचे धान्य, त्याचे प्रमाण व तारीख छापलेली असते. घरी जाण्यापूर्वी ती वाचावी आणि पिशवीतील वजनाशी पडताळून पाहावी. या पावतीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, त्यात शाई नसते. रोल उलटा बसला तर पावती कोरीच बाहेर येते. अशा वेळी यंत्र बिघडले असे समजू नये. कागदावर नखाने ओरखडा काढून पाहावा. ज्या बाजूला काळी रेघ उमटते, ती छपाईची बाजू होय. हा कागद उन्हात व उबेत काही काळाने पुसट होतो, म्हणून तक्रारीसाठी पावती लागणार असेल तर तिची लगेच छायाप्रत काढावी.

आपली शिधापत्रिका दुकानात ठेवून जाऊ नये. मोबाईलवरील ओटीपी दुकानात समोरासमोर व्यवहार चालू असतानाच सांगावा. दूरध्वनीवरून मागणाऱ्या अनोळखी व्यक्तीस तो कदापि सांगू नये.

शिक्षकांस व ग्रामपंचायतींस

गावात ज्याच्यावर लोकांचा विश्वास असतो अशा माणसांत शिक्षकाचे स्थान आजही वरचे आहे. पडद्यावरील सूचना वाचून तिचा अर्थ सांगणे, सांकेतिक क्रमांक लिहून देणे आणि तक्रारीचा चार ओळींचा अर्ज तयार करून देणे ही कामे शिक्षकांनी व वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी केल्यास अनेकांचे हेलपाटे वाचतील. रेशनची पावती वाचणे व किलोचा हिशेब पडताळणे हा गणिताचा एक उत्तम पाठही होऊ शकतो. ग्रामपंचायतीने यंत्रावर बोट न लागणाऱ्या वृद्ध, अपंग व एकट्या राहणाऱ्या व्यक्तींची यादी करून ती निरीक्षकांकडे द्यावी आणि त्यांच्यासाठी विश्वासू व्यक्ती नेमून देण्याची मागणी करावी. कायद्यातील दक्षता समित्यांच्या बैठकीत अपवाद नोंदवही वाचून दाखविण्याचा प्रघात पडल्यास बरेच प्रश्न गावातच सुटतील.

यंत्रे बदलत राहतील. आजचे यंत्र जाऊन उद्या अधिक चांगले येईल आणि त्याच्याही काही नव्या अडचणी असतील. त्या वेळीही दोष कोणत्या दुव्यात आहे हे शांतपणे शोधावे आणि तो सापडेपर्यंत माणसाला उपाशी परत पाठवू नये. रास्त भाव दुकानाच्या दारातून कोणतीही आजी रिकामी पिशवी घेऊन परत जाणार नाही, एवढे आपण सर्वांनी मिळून पाहिले तर या यंत्राचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.